तुरीतला गांजा आणि पंच म्हणून मी

आयुष्यात एकदाच मी पोलिसांचा पंच झालो. त्या पंचनाम्यातला शब्द न् शब्द खरा होता, हे आधीच सांगून ठेवतो.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. धुळे जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी मी कृषी सहायक होतो. नाना नावाच्या एका शेतकऱ्याच्या शेतात गांजा आहे अशी खबर आली आणि फौजदाराने मला पंच म्हणून जीपमध्ये घातलं. फौजदार गडी शहरातला. बांधावर पंजासारखी पानं दिसताच त्याने शिपायांकडून झाडं उपटवून भारे बांधायला लावले. नाना उकिडवे बसून बघत राहिले.

ती अंबाडी होती. गांजा तुरीच्या चौथ्या ओळीत निवांत उभा होता. मला तो दिसला, आणि मला दिसला हे नानांना दिसलं. केस झाली असती तर नाना कित्येक वर्षं आत आणि शेत पडीक.

नानांची बायको, अक्का, घमेलं घेऊन आली.

“साहेब, अंबाडी शे ती. उपटीच टाकी तं आते भाजी करस. जेवीसन जा.”

फौजदाराने पान चावलं. आंबट. शिपायांनी हसू लपवायला तोंडं फिरवली. ‘बांधावर अंबाडी आढळली’ एवढाच पंचनामा झाला. मी झोकात सही केली आणि आम्ही मुद्देमाल भाकरीबरोबर खाल्ला.

जीप गेली. मी मागे राहिलो.

“नाना, पुढच्या खेपेला जाणता माणूस आणतील. आजच उपटा.”

“उपटसु. मंग भुईमूग लावू? दोन नाला वलांडीसन पोतं डोकावर कोन लई जाई? तुम्ही?”

“गांजाचं काय करता?”

“त्याना व्यापारी सोता बांधवर येस.”

कृषी खात्याच्या एकाही पुस्तिकेत याचं उत्तर नव्हतं. “भुईमुगाचा व्यापारी मी आणतो,” मी छाती काढून म्हणालो. नानांनी संध्याकाळपर्यंत सगळी झाडं उपटून उकिरड्यात पुरली.

पुढच्या वर्षी मी व्यापारी आणला. त्याचा टेम्पो पहिल्याच नाल्यात रुतला. अक्कासकट सगळ्यांनी ढकलला. माल घेतला त्याने, पण पुन्हा येणार नाही असं बजावून गेला. मग मी दोन्ही नाल्यांवर फरशी पूल मागणारे अर्ज लिहीत सुटलो.

माझी बदली झाली तोवर एक पूल झाला होता. दुसरा नाला नाना पोतं डोक्यावर घेऊन ओलांडत होते.