कावीळ, माळ आणि माझी स्प्लीन

"हिचं लिव्हर ठणठणीत आहे. हिला नीट जेवायला घाला," घाटकोपरचे डॉक्टर मला तपासून म्हणाले. आई आणि आत्या त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

लहानपणापासून माझे डोळे अधूनमधून पिवळे व्हायचे. लगेच पथ्य सुरू: तेल बंद, हळद बंद, उसाचा रस आणि चणे. आत्या मुलुंडहून काविळीची माळ आणून माझ्या डोक्यावर ठेवायची. माळ लांबत खाली आली की कावीळ उतरली. मी मात्र कॉलेजात गेले तरी दुसऱ्या मजल्यावर धापा टाकत होते.

रक्तात निघालं हेरेडिटरी स्फेरोसायटोसिस, म्हणजे जन्मापासून गोल असलेल्या तांबड्या पेशी. डॉक्टरांनी समजावलं. या पेशींतलं हिमोग्लोबिन फुप्फुसातून ऑक्सिजन उचलतं आणि अंगभर पोचवतं. चांगली पेशी चपटी, मध्ये दबलेली असते. अगदी बारीक वाहिनीतूनही ती वाकून निघून जाते. माझ्या पेशी चेंडूसारख्या. स्प्लीनमध्ये, म्हणजे डाव्या बरगड्यांखालच्या प्लीहेत, त्या अडकून फुटतात. फुटलेल्या पेशींतून तयार होणारा पिवळा रंग डोळ्यांत उतरतो, आणि ऑक्सिजन वाहायला पेशी पुरत नाहीत, म्हणून धाप.

स्प्लीन काढावी, असं त्यांचं मत पडलं.

आत्या म्हणाली, एवढा व्रण घेऊन मुलगी कुठे खपणार? आधी लग्न होऊ दे. बाबांनी पेपर आणखी वर धरला. मी घरात फारशी बोलत नाही. त्या दिवशी बोलले.

"आत्या, तो नवरा माझ्या वाटचे जिने चढणार आहे का?"

"जीभ बरी सुटली गं तुला."

"धाप मला लागते. पोटही माझंच आहे."

ऑपरेशन झालं. खोकला आला की टाके ताणू नयेत म्हणून पोटावर उशी दाबायची, हे नर्सने शिकवलं. हळूहळू डोळ्यांतला पिवळेपणा गेला. पेशी अजून गोलच आहेत, पण आता जास्त टिकतात. स्प्लीन जंतूंशीही लढत असते, म्हणून ताप आला तर लगेच यायचं, असं डॉक्टरांनी बजावलंय.

तुमच्या घरात कुणाची कावीळ पुन्हा पुन्हा येत असेल, तर रक्त मायक्रोस्कोपखाली बघायला सांगा. माळ नंतर.

परवा चुलतबहिणीच्या लग्नात आत्या पिन घेऊन आली. साडीतून व्रण दिसत होता.

"राहू दे आत्या. कुणी विचारलं तर सांगेन."

बोरीवलीच्या एका काकूंनी विचारलंच. पंगत बसेपर्यंत मी त्यांना तांबड्या पेशी समजावत होते.