निपाणीची लेथ

निपाणीहून आणलेली जुनी सीएनसी लेथ माझ्या बेळगावच्या शेडमध्ये बसली आणि पहिल्याच दिवशी अडली. लोखंडी गज पकडून ठेवणारं तिचं कॉलेट उघडेना की मिटेना. पेडल दाबलं की आतून नुसतं कण्हायची. ऑईलचं प्रेशर तपासलं, सिलिंडर तपासला; सगळं ठणठणीत. या मशीनची कुणी कधी काळजीच घेतलेली नाही, अशी माझी खात्री पटली. ती विकणाऱ्या म्हाताऱ्या आप्पांच्या नावानं खडे फोडत मी कॉलेटच खोलून काढलं.

त्याच्या चिरांत लालसर लगदा गच्च बसला होता. टोकरून बघितलं, तर तांदूळ! कूलंटच्या पाण्यात फुगलेले, कुंकवानं माखलेले. डोकंच फिरलं. तिथूनच आप्पांना फोन लावला.

"आप्पा, मशीन इकलासा का भाताचं पातेलं?"

ते म्हणाले, "आमच्या मंडळींनी ओटी भरली असंल बगा तिची. एवढी वर्सं घर चालवलं तिनं, रिकामी कशी धाडायची, म्हणत हुत्या."

मी आणखी काही सुनावणार, तेवढ्यात त्यांनीच हळूच विचारलं, "नांदतीया न्हवं नीट?"

आता या माणसावर रागवायचं तरी कसं? कॉलेट धुऊनपुसून परत बसवल्यावर मी पुन्हा फोन लावला, मशीनजवळ धरला आणि पेडल दाबलं.