नळ सोडून बोलणारी आई

"तुला नाही कळायचं गं. तुला कुठं मूलबाळ आहे!"

मॅडम हे माझ्या आईला म्हणाली. माझ्यासमोर. हिरकणीवाडीत, रोपवेच्या खाली, काकीच्या टपरीपुढं. मी दहा वर्षांची. हातात काकडीचं ताट.

आई मुंबईत या मॅडमचं बाळ सांभाळायची. बाप तिकडंच वॉचमन. मी इथं काकीकडं. आई वर्षातून दोनदा दिसायची, गणपतीत आणि शिमग्याला. एरवी फोन. फोनमध्ये तिच्या आवाजामागं कायम पाणी पडत असायचं. मला वाटायचं, मुंबईत पाणी फार.

त्या दिवशी ती अचानक त्यांच्या गाडीतून उतरली. मी ताट टाकून धावणार, तेवढ्यात तिनं मान हलवली. नको. कडेवर ते बाळ होतं. काकीनं मागून माझा फ्रॉक धरला.

मॅडमनं काकडी घेतली. मोबाईल माझ्यावर रोखला. "हिरकणीची गोष्ट येते का गं? सांग ना, बाळ ऐकेल."

आमच्या वाडीतलं शेंबडं पोरही ती गोष्ट सांगतं. मी सांगितली. गडावर दूध घालायला गेलेली बाई. दरवाजे बंद. खाली घरी तान्हं पोर. ती अंधारात कडा उतरून पोराकडं गेली. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नाही, खरंच आलं. "आई ती आईच," म्हणाली. आणि आईकडं वळून ते वाक्य.

आई म्हणाली, "होय मॅडम."

मॅडमनं मला चॉकलेट पुढं केलं. मी घेतलं नाही.

"गोष्ट संपली नाय अजून," मी म्हणाले. "हिरकणी पोराकडं आली. माझी आय ही समोर उभी हाय, न् माझ्याकडं येत नाय."

मॅडमनं मोबाईल खाली केला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. आईला म्हणाली, "म्हणजे इतके दिवस खोटं बोललीस? आमच्याच घरात राहून?"

फसवणूक त्यांची झाली होती म्हणे. चोराच्या उलट्या बोंबा!

आई बाळाला मॅडमकडं देऊन माझ्याकडं यायला निघाली. बाळानं तिची ओढणी मुठीत धरली आणि असा टाहो फोडला की रोपवेची सगळी रांग वळून बघायला लागली. "राहू दे. घे त्याला आणि बस गाडीत. घरी बघू," मॅडम म्हणाली. आई बसली. गाडी गेली. तिनं मला हातही लावला नव्हता.

काकीनं मग सगळं सांगितलं. काम मिळवून देणाऱ्या बाईनं आईला आधीच बजावलं होतं, पोर असलेली आया कुणाला नको, सारखी गावाला पळते. म्हणून आईनं मला नाहीच करून टाकलं. मला फोनही मोरीत कोंडून घेऊन, नळ सोडून करायची. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.

घरी बघितलं ते असं, की तिला कामावर ठेवलं. बाळ दुसऱ्या कुणाच्या हातून जेवेना. "मॅडमनी मोठ्या मनानं माफ केलं," काकी कौतुकानं सांगायची. माफ! मी कुणाच्या हातून जेवते, हे कुणी विचारलं नाही.

वर्षभर मी आईशी बोलले नाही. शिमग्याला आली तर गुरांमागं रानात निघून गेले. तिनं आणलेला फ्रॉक चुलीत घातला. सूड घ्यायला हाताशी तीच होती.

मग एका संध्याकाळी काकीनं जबरदस्तीनं फोन कानाला लावला. मागं तेच पाणी.

"आता त्यांना ठाव हाय ना? मग नळ बंद कर की."

नळ बंद झाला, लगेच पुन्हा सुरू झाला. मग म्हणाली, "नळ सोडल्याशिवाय बोलायलाच होत नाय गो मला."

माझा राग त्या दिवशी आईवरून उठला आणि जिथं जायला हवा होता तिथं गेला.

आज मी गडावर गाइड आहे. कडेवर बाळ घेतलेली आया आणि मोकळ्या हातांची मॅडम दिसली की हिरकणीची गोष्ट मुद्दाम सांगते. आयाला काही विचारत नाही. ती काय सांगून कामावर राहिली असेल, मला ठाऊक आहे. मॅडमलाच विचारते, "त्या दिवशी दरवाजे कुणी बंद केले होते?"

"पहारेकऱ्यांनी," ती हसत सांगते.

"पहारेकरी अजून आहेत मॅडम. आता गड बघायला येतात."

हसू मावळतं. दोनदा तक्रार झाली माझी. होऊ दे. त्यांची सहल नासली की मला बरं वाटतं, आणि हे सांगायची मला लाज नाही.

ते बाळ आता दहावीत असेल. शाळेच्या सहली इथं आल्याशिवाय राहत नाहीत. त्याचं नाव, आडनाव मला पाठ आहे. तो येईल त्या दिवशी, हिरकणी बुरुजावर, त्याच्या सगळ्या दोस्तांसमोर मी त्याला माझ्या आईचं नाव विचारणार आहे. नाही सांगता आलं तर मीच सांगणार आहे. ज्या हातानं तुला घास भरवला तो माझ्या वाटणीचा होता, हेही सांगणार आहे.

"त्या पोराचा काय दोष गो?" काकी म्हणते.

माझा काय होता? सांगणारच आहे मी.