चाळीस नळ्या, एक डुकरीण

नर डुक्कर गाभण राहिल्याचं कधी ऐकलंय तुम्ही? नाही? मग तुम्ही अडाणी. पशुरोग संशोधन संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर, कडाक्याच्या थंडीच्या पेटीत, असे सतरा गाभण नर सुखाने नांदत होते. त्यांच्यासारख्यांच्या जिवावर एक शोधनिबंध, दोन सत्कार आणि साहेबांची खुर्ची उभी होती.

त्या मजल्याची मालकीण म्हणजे विषाणूबाई. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण पाट्या वाचतो कोण? बाई हुशार, यात वाद नाही. गुरांचं लाळ्याखुरकूत, शेळ्यांची देवी, कोंबड्यांची मर, सगळ्यांवर तिचं काम झालेलं. पण जीव अडकलेला डुकरांच्या तापात. हा ताप खोपटात शिरला की आधी डुकरांचे कान निळे पडतात, मग मागचे पाय लुळे पडतात, मग खोपटच रिकामं होतं. औषध नाही, लस तेवढी आहे. आणि लस कुठे पाठवायची, हे बाईच्या अहवालावर ठरायचं.

तीन वर्षांपूर्वी बाईने निबंध लिहिला: नदीपलीकडच्या वस्त्यांत ताप नाही. रक्ताचा एकेक नमुना स्वच्छ. झालं, तिकडची लस बंद. साहेबांनी म्हणजे संस्थेच्या संचालकांनी सत्काराचे हार गळ्यात घालून घेतले, उरलेला एक बाईला दिला.

बाई पांढऱ्या कोटात, हातमोजे घालून, काचेआड बसायची. डुक्कर तिला फक्त नळीतून ठाऊक. घरी आईने एकदा विचारलंसुद्धा.

"आयुष्यभर डुकरांवर लिहितेस. शेवटचं डुक्कर पाहिलंस कधी?"

"आई, विषाणू डोळ्यांना दिसत नाही."

"डुक्कर दिसतं की!"

बाईला राग आला. शिकलेल्या माणसाला आईचं बरोबर निघालं की राग येतोच.

नळ्या आणायचा सुईवाला. डुकराचं रक्त काढणं म्हणजे काही खायचं काम नाही. वरच्या जबड्यात तारेचा फास घालायचा, एकाने ओढून धरायचं, दुसऱ्याने मानेच्या खळगीत लांब सुई घालून शीर शोधायची, आणि तोवर ते जनावर अख्खी वस्ती गोळा होईल असं किंचाळतं. सुईवाला मात्र दर फेरीला चाळीस नळ्या भरून आणायचा, कपड्यांना डागही न लावता. बाईला कधी शंका आली नाही. नळ्या भरलेल्या आहेत ना, चिठ्ठ्या चिकटवलेल्या आहेत ना, मग संपलं.

पितळ उघडं पडलं ते कंजूषपणामुळे. गाभणपणा तपासायच्या संचाची मुदत संपत आली होती. फेकण्यापेक्षा वापरू, म्हणून बाईने ताज्या फेरीतल्या चाळीस नळ्या त्यात घातल्या. चाळीसच्या चाळीस गाभण! चिठ्ठ्यांप्रमाणे त्यांतले सतरा नर होते आणि नऊ दोन महिन्यांची पिल्लं. बाईने आधी संचाला शिव्या दिल्या, मग यंत्राला, मग मदतनीस मुलीला. तिसऱ्यांदा तोच निकाल आला तेव्हा सुईवाल्याला बोलावलं.

"बसा."

"नको बाई, उभाच बरा."

"हे नर गाभण कसे?"

"आता काय सांगावं बाई, दिवसच तसे आलेत."

"खरं बोला, नाहीतर साहेबांकडे जाते."

साहेबांचं नाव काढल्यावर सुईवाला हसला. मग डोकं खाजवत म्हणाला, "रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याची डुकरीण आहे हो ती. एकटीच असते, गाभण राहते तीही दवाखान्यातल्या सुईने. गरीब आहे. बिस्किट दिलं की मान पुढे करते. बाकीची चावतात." त्याने बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत जुना, वेडावाकडा व्रण होता.

"चाळीसही नळ्या तिच्याच?"

"एका दमात नाही काढल्या, बाई. दोन दिवस घेतले. तिलाही जीव आहे."

"आणि हे कधीपासून?"

"हा व्रण पडला तेव्हापासून. झाली चार वर्षं. तुम्ही नळ्या मोजून घ्यायच्या, मी मोजून द्यायचो. डुकरं मोजून आण, असं कुणी म्हणालंच नाही."

म्हणजे सगळा निबंध एका डुकरिणीचा. तीही रस्त्याकडेला एकटी राहणारी, बिस्किटं खाऊन तब्येत राखणारी. तिला ताप यायला तिच्याजवळ दुसरं डुक्कर तरी होतं का?

दुसऱ्या दिवशी बाई उंच रबरी बूट घालून नदीपलीकडे गेली. पहिल्याच खोपटापाशी डुकरं पाळणारी मावशी बादली घासत बसली होती.

"तुम्हीच का त्या नळीवाल्या ताई? तुमचा कागद पाठ आहे आम्हाला. तीन वर्षं झाली, डुकरं मरतात म्हणून सांगायला गेलो की तोच तोंडावर फेकतात. म्हणतात, तुमच्याकडे ताप नाहीच, तुम्हीच काहीतरी सडकं घातलं असेल."

"किती मेली?"

"एकोणीस होती. सहा राहिली. या, बघा. कागदाला विचारून या हवं तर."

बाईने मान खाली घालून सुई काढली. मावशीने फास धरला. बाईची सुई चारदा चुकली, आणि पाचव्यांदा एका पिल्लाने तिच्या हाताचा कचकन चावा घेतला.

"शिकलात कुठं, ताई?" मावशीने विचारलं. मग पिल्लू उचललं, स्वतःच्या मांडीवर उताणं घातलं, गुडघ्यांत दाबलं आणि बोट ठेवलं. "इथं टोचा. घाबरू नका, मी आहे." बाईपेक्षा मावशीला शीर जास्त ठाऊक होती. त्यासाठी मावशीने कुठलीही पदवी घेतली नव्हती.

सहा नळ्या. चारांत विषाणू.

साहेबांनी निकाल वाचला, चष्मा पुसला आणि दार लावून घेतलं.

"पुढच्या महिन्यात परिषद आहे. आणि तुम्ही स्वतःच्याच निबंधावर बोळा फिरवणार?"

"डुकरं मरताहेत, साहेब."

"मग लिहा ना! ताप नव्याने शिरला, असा नवा निबंध लिहा. जुन्याला हात लावू नका. तुमचंही नाव राहील, संस्थेचंही."

ऐकायला किती गोड! पण नियम बाईला पाठ होता. ताप जुना असेल तर लस. ताप नवा असेल तर तो बाहेरून आणला म्हणून पाळणाऱ्यांवर ठपका, आणि वस्तीतलं झाडून सगळं, धडधाकट असलं तरी, मारून पुरायचं. मावशीची सहा आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची तीनशे.

"त्या लोकांचं काय हो," साहेब म्हणाले, "आज ओरडतील, उद्या गप्प बसतील."

खोटं कशाला सांगू, बाई डगमगली. ती काही देवी नव्हती. त्या दुपारी तिने नव्या निबंधाचं शीर्षकसुद्धा लिहून काढलं, आणि ते तिला आवडलंही. संध्याकाळी आई तिच्या हाताला मलम लावत होती.

"आता कुठं डुक्करवाली शोभतेस," आई म्हणाली. "त्या डुकरं पाळणाऱ्या मावशीचं काय ठरवलंस मग?"

बाईने शीर्षकाचा कागद उलटा करून ठेवला. हातावरचा चावा ठणकत होता. सुईवाला चावा बसल्यावर पळाला आणि पंक्चरवाल्याच्या सावलीत जाऊन बसला. ती तरी वेगळं काय करत होती? तिची सावली जरा थंडगार होती, इतकंच.

सकाळी तिने पत्र लिहिलं. निबंध छापणाऱ्यांना एक प्रत, लसभांडाराला एक, साहेबांना शेवटी. "माझा निबंध चुकीचा आहे. त्यातले सगळे नमुने एकाच डुकरिणीचे आहेत. नदीपलीकडचा ताप जुना आहे. मी तो पाहायला गेले नाही."

साहेबांनी ताबडतोब कारवाई केली. बाईची बदली तळमजल्यावरच्या मोडक्या उपकरणांच्या खोलीत, आणि सुईवाल्याची साहेबांच्या दालनाबाहेरच्या स्टुलावर. परिषदेत साहेब 'संस्थेचा प्रामाणिकपणा' या विषयावर पाऊण तास बोलले. टाळ्याही पडल्या. असल्या माणसांना लाज वाटेल म्हणून थांबाल तर तुमचीच डुकरं संपतील.

लस आली. ती पोचेपर्यंत मावशीची दोनच उरली होती. बाकीची वस्ती मात्र बरीचशी वाचली. बाई आता सुट्टीच्या दिवशी फास घेऊन तिकडे जाते. मावशी धरते, बाई टोचते. अजूनही दोनदा चुकते, आणि मावशी अजूनही विचारते, शिकलात कुठं?

आता तुमच्याकडे एकच मागणं. तुमच्या दारात कुणी नळ्या घेऊन आलं, तर चहा नंतर ठेवा. आधी चपला घाला, त्याच्याबरोबर खोपटापर्यंत जा, आणि स्वतः मोजा: नळ्या किती भरल्या आणि जनावरं किती टोचली.