चौथा विषय

मुलीच्या पीयूसीचा, म्हणजे आपल्याकडच्या अकरावीचा, फॉर्म भरायला के. आर. पुरमच्या कॉलेजात गेलो, तर खिडकीमागच्या कारकुनाने मान वर न करता जीवशास्त्रावर टिक केली. इथे विज्ञान शाखेचे तीन विषय ठरलेले असतात, चौथा आपण निवडायचा: जीवशास्त्र नाहीतर कम्प्युटर. त्याने आम्हाला विचारलंच नाही. आमच्या पुढच्या तेलुगू मुलीलाही विचारलं नव्हतं. तिला सरळ कम्प्युटर देऊन मोकळा झाला होता.

माझं टाळकं सरकलं. मी व्हाइटफील्डला अठरा वर्षं कोड लिहितेय आणि हा माझ्या मुलीला बेडूक फाडायला पाठवतोय. मी फाडफाड बोलले.

"अक्का, स्वल्प ऐका," तो म्हणाला. बेळगावकडचा निघाला. "तेलुगू लोक पोरीला कम्प्युटर देतात. तुम्ही पुण्या-मुंबईची माणसं पोराला कम्प्युटर आणि पोरीला बायो देता. दरवर्षी बघतोय की मी."

"खोडा ते आधी," मी म्हणाले. रांग बघत होती. बघू दे.

"नको, आई," मुलगी म्हणाली. "बायोच राहू दे."

त्याने शिक्का मारला.

रिक्षात मी तिच्यावर तुटून पडले. दादाचे अडलेले प्रोग्रॅम बारा वर्षांची असल्यापासून हीच सोडवते. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टँकरच्या पाळ्या हिने लिहिलेल्या प्रोग्रॅमवर लागतात. एवढी अक्कल असून ही कारकुनापुढे मान तुकवते, याचा मला संताप आला होता. घाबरलीस का, असं मी तिला तीनदा विचारलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तूच म्हणायचीस ना, लॅपटॉप मिटताना. बाई गं, तू तरी या लाइनीत येऊ नकोस, घर आणि कॉल सांभाळता सांभाळता जीव जातो."

"दमलेली असायचे मी. दोघांनाही म्हणायचे."

"दादाला कधीच नाही. त्याला म्हणायचीस, नीट शीक, पुढे हेच कामाला येणार आहे."

आमच्या हळदीकुंकवाला जमणाऱ्या बायका सगळ्या आयटीतल्या. आणि तिथे दरवर्षी एकच चर्चा: मुलीला डेंटिस्ट करा, आपलं क्लिनिक, आपली वेळ. मी त्यांचं म्हणणं कधी खोडून काढलं नाही. उलट माझीच मान सगळ्यांत जोरात हलायची. लाज वाटायला हवी होती, तेव्हा मी तिळगूळ वाटत होते.

"तुला तुझं काम आवडत नाही ना?" मुलीने विचारलं. टोमणा नव्हता तो. तिला खरंच तसं वाटत होतं.

मला माझं काम फार आवडतं. दोन दिवस दडून बसलेली चूक सापडली की मी खुर्चीत एकटीच हसते. अठरा वर्षांत हे मी घरात एकदाही बोलले नव्हते.