पान सत्तेचाळीसवरचा वारा

ताझुको निशिवाकी अडतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरत होत्या, आणि तरीही जगात त्यांना एकही शत्रू नव्हता. याचं श्रेय त्यांच्या पेन्सिलीला होतं.

तोक्योच्या जिंबोचो भागात, जुन्या पुस्तकांच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत, कावाझोए प्रकाशनाची चार मजली इमारत आहे. तिथला नियम असा, की मुद्रितं तपासणाऱ्यानं पेन्सिलीनं लिहायचं आणि लेखकानं लाल शाईनं. लाल म्हणजे हुकूम. पेन्सिल म्हणजे नुसती विचारणा, तीसुद्धा मान खाली घालून. 'हे चूक आहे' असं पेन्सिलीनं लिहिणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात बूट घालून शिरण्यासारखं. लिहायचं ते असं: 'माझंच वाचन तोकडं असेल, पण हे असंच ठेवावं का?' लेखकाला पटलं तर तो लाल शाईनं बदल करतो, नाही पटलं तर पेन्सिलीवर फुली मारतो. छापखान्यात फक्त लाल बघतात. पेन्सिलीचं जे उरतं ते खोडरबरानं पुसून टाकतात.

अशा पुसून टाकलेल्या वाक्यांवर ताझुकोबाईंचं आयुष्य गेलं. चोशी बंदरातून बाविसाव्या वर्षी त्या इथे आल्या आणि तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीजवळच्या टेबलाशी बसल्या, त्या बसल्याच. एका पाककृतीत तीन चमचे मिठाचे तीस होणार होते, ते त्यांनी वाचवलं. एका प्रवासवर्णनात आगगाडी निघायच्या आधीच पोचत होती, तिला त्यांनी वीस मिनिटं थांबवलं. ओळीखाली पट्टी धरून वाचायच्या, बाराच्या ठोक्याला खारवलेलं उमे, म्हणजे आंबट जपानी आलुबुखार, घातलेले भाताचे दोन गोळे खायच्या, आणि शनिवारी वाचनालयात जाऊन आठवडाभराच्या शंका निरसून घ्यायच्या. नवरा गेला तेव्हा वर्तमानपत्रात त्याचं वय एका वर्षानं जास्त छापून आलं. बहिणीला वाटलं, आता ही संपादकाची खैर ठेवत नाही. बाई म्हणाल्या, "असू दे. तेवढंच त्याला एक वर्ष जास्त मिळालं." आयुष्यात त्यांनी जाणूनबुजून सोडलेली ती एकच चूक. दुसरी त्यांनी सोडली नव्हती. ती त्यांच्या हातून सोडवून घेतली गेली होती.

ती चूक होती कुमेदा सेन्सेईंची. सेन्सेई म्हणजे गुरुजी; तिकडे मोठ्या लेखकालाही असंच म्हणतात, बाकीच्यांना नावापुढे आदराचा 'सान' पुरतो.

शिगेनोबु कुमेदा हे विज्ञान सोपं करून सांगणारे देशातले नावाजलेले लेखक. विद्यापीठात त्यांनी तीस वर्षं काँक्रीटला जाणाऱ्या भेगा शिकवल्या, आणि निवृत्त झाल्यावर सगळ्या विश्वाबद्दल लिहायचा परवाना आपल्याला मिळाला असं त्यांना वाटू लागलं. वाटण्यात गैर काही नव्हतं, कारण त्यांना कुणी अडवत नव्हतं. त्यांचं गाजलेलं पुस्तक म्हणजे 'थेंबभर इंधनाविना'. विषय सौरशिडाचा. केसाहून कितीतरी पातळ, चकचकीत पडद्याचं भलंमोठं शीड अवकाशात उलगडायचं, आणि सूर्याच्या जोरावर यान हाकायचं. इंधन नको, धूर नको, पुढच्या पिढ्यांना आकाश स्वच्छच्या स्वच्छ मिळेल. पुस्तक सुंदर होतं. त्याला चकचकीत वेष्टण होतं, वेष्टणावर कागदी पट्टा होता, पट्ट्यावर प्लास्टिकची पिशवी होती आणि आत भेट म्हणून चंदेरी कागदाचं एक शीड होतं. निसर्गाची एवढी काळजी दुसऱ्या कुठल्या पुस्तकानं केली नसेल.

आणि पान सत्तेचाळीसवर लिहिलं होतं: 'सूर्याकडून सुटलेला सौरवारा शिडात भरतो आणि यान पुढे सरकतं.'

बारा वर्षांपूर्वी, पहिल्या आवृत्तीच्या वेळी, ताझुकोबाईंची पट्टी त्या ओळीखाली थांबली. त्या दोन शनिवार वाचनालयात गेल्या. सौरवारा म्हणजे सूर्यातून उडणारे विद्युतभारित कण. ते खरे असतात, पण त्यांचा रेटा नगण्य. शीड ढकलतो तो प्रकाश, निव्वळ उजेड. आरशावर आदळून परत फिरताना उजेड आरशाला किंचित मागे लोटतो. टेनिसच्या मैदानाएवढ्या शिडावर तो धक्का भरतो तांदळाच्या दहा-बारा दाण्यांच्या वजनाइतका. पण तो दिवसरात्र, महिनोन् महिने थांबत नाही, म्हणून यानाचा वेग वाढत जातो. सौरवाऱ्याचा धक्का याच्याही हजारो पटींनी कमी. बाईंना हे वाचून मनापासून आनंद झाला. उजेडालाही हात असतात, हे त्यांना पन्नाशीला टेकताना कळलं. त्यांनी समासात लिहिलं: 'माझंच अज्ञान असेल, पण इथे वाऱ्याऐवजी प्रकाश अभिप्रेत असेल का? संदर्भ सोबत जोडले आहेत.'

सेन्सेईंनी फुली मारली आणि शेजारी लाल शाईत लिहिलं: 'असूच द्या. शीड म्हटलं की वारा आलाच.'

काँक्रीटच्या माणसाला शीड कुणी दाखवलं होतं कोण जाणे.

दुसऱ्या आवृत्तीला बाईंनी पुन्हा विचारलं, जरा लांबलचक विनवणी करून. पुन्हा फुली. तिसरीला आणि चौथीलाही तेच. पान एकतीसवर 'या प्रवासात कचऱ्याचा कणही होत नाही' असं वाक्य होतं. तिथे त्यांनी विचारलं की शीड वर नेणारा अग्निबाण जे टनावारी इंधन जाळतो आणि मोडकळलेलं शीड मागे जे उरतं, ते कचऱ्यात मोडत नाही का. उत्तर आलं: 'वाचकाचा उत्साह मारू नये.'

पाचव्या आवृत्तीच्या आधी तोत्तोरीहून एक पत्र आलं. इकुशिमा नावाच्या शाळामास्तरांचं. परीक्षेत एका मुलीनं लिहिलं होतं, शिडाला प्रकाश ढकलतो. मास्तरांनी याच पुस्तकाच्या आधारानं तिचं उत्तर चूक दिलं. मुलगी वाद घालायला आली, तर तिला वर्गासमोर गप्प बसवलं. 'नंतर मला दुसरीकडे वेगळंच वाचायला मिळालं. बरोबर कोण आहे ते कृपया कळवा. मुलगी बरोबर असेल तर मला तिची माफी मागायची आहे.'

प्रकाशनानं उत्तर पाठवलं: 'आपल्या मोलाच्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत. पुढील कामात तो संदर्भासाठी जरूर वापरू.' हे उत्तर छापून ठेवलेलं असतं, फक्त नाव भरायचं.

ताझुकोबाईंनी ते पत्र मागून घेतलं आणि आपल्या खणात ठेवलं. पाच-सहा वेळा वाचलं. त्यांना त्या मुलीची लाज वाटत होती, म्हणजे तिच्यासमोर आपली. एक माणूस चुकला तर चुकला, पण त्याच्या चुकीवर आपली नजर पडून गेलेली आहे, तरी ती देशभर हिंडतेय, हे त्यांना सोसेना. मार्चअखेर त्या निवृत्त होणार होत्या. पाचवी आवृत्ती त्यांच्या हातातलं शेवटचं काम. ते वाक्य आता सुटलं तर कायमचं सुटलं.

त्या संपादक ओगिताकडे गेल्या. ओगिता तिशीचा, हुशार आणि भित्रा.

"ओगितासान, या वेळी सेन्सेईंना तुम्ही तोंडी सांगा ना."

"मी? निशिवाकीसान, मागे मी त्यांना एक स्वल्पविराम सुचवला होता. दोन महिने ते माझा फोन घेत नव्हते."

"स्वल्पविराम वेगळा. इथे पोरं चुकीचं शिकताहेत."

"ते कळतंय हो मला. पण सेन्सेई आता एक्याऐंशीचे. या वयात त्यांना दुखवायचं?"

"आणि पोरं किती वयाची झाली म्हणजे त्यांना दुखवलेलं चालतं?"

ओगितानं चहाचा कप बाजूला ठेवला. मग दोघं विभागप्रमुख मोरोझुमींकडे गेले. मोरोझुमी म्हणजे वारा येईल तशी पाठ देणारे गृहस्थ, त्यामुळे वाऱ्याचा विषय त्यांना जवळचा.

"निशिवाकीसान, तुमची तळमळ मी समजू शकतो," ते म्हणाले. "पण हे पुस्तक खपतंय. खपणारं पुस्तक चूक कसं असेल?"

"वाचणाऱ्यांना ठाऊक नाही म्हणून खपतंय."

"बरं मग, त्यांना कळवून आपला काय फायदा?" मग ते हसले. "तुम्ही विचारा की पेन्सिलीनं. तुम्हाला कुणी अडवलंय का?"

बाईंनी विचारलं. पाचव्यांदा. या वेळी तोत्तोरीच्या पत्राची प्रतही जोडली. आठ दिवसांनी मुद्रितं परत आली. पेन्सिलीवर फुली होती, आणि पत्राच्या प्रतीवर सेन्सेईंनी शाळामास्तरांच्या दोन शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईत दुरुस्त केल्या होत्या.

ते पाहिल्यावर ताझुकोबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. अडतीस वर्षांत तिला तिथवर चढायची सवय नव्हती, म्हणून जायला दुपारचे दोन वाजले. भाताचे गोळे तसेच राहिले. त्या उठल्या, कोपऱ्यावरच्या लेखनसामग्रीच्या दुकानात गेल्या आणि एक लाल पेन घेऊन आल्या. दुकानदार त्यांना इतकी वर्षं पेन्सिली विकत होता. "कुणासाठी?" त्यानं विचारलं. "माझ्यासाठी," बाई म्हणाल्या. त्यानं पेन कागदात गुंडाळून दिलं.

टेबलाशी बसून त्यांनी पट्टी ठेवली. पान सत्तेचाळीस. 'सौरवारा' कापला आणि वर लिहिलं 'प्रकाश'. 'शिडात भरतो'च्या जागी 'शिडावर आदळून परततो'. पुस्तकात तो वारा आणखी सहा ठिकाणी वाहत होता. सहाही ठिकाणी त्यांनी तो बंद केला. मग पान एकतीसवरचा तो कचऱ्याचा कण त्यांनी पाहिला, क्षणभर विचार केला, आणि सोडून दिला. एका दिवसात माणसानं किती पाप करावं यालाही मर्यादा असते.

सेन्सेईंचं अक्षर काढायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. गरजच नव्हती. त्या प्रकाशनात अक्षर कुणी बघत नव्हतं, रंग बघत होते.

संध्याकाळी ओगितानं गठ्ठा चाळला. सत्तेचाळीसवर थांबला.

"निशिवाकीसान, हे... सेन्सेईंनी केव्हा केलं?"

"लाल आहे ना?"

"आहे."

"मग?"

ओगितानं त्यांच्याकडे पाहिलं, गठ्ठ्याकडे पाहिलं, आणि मूग गिळून गठ्ठा छापखान्यात पाठवून दिला. त्याच्या आयुष्यातलं ते पहिलं धाडस, आणि ते गप्प बसण्याचं होतं, म्हणून जमलं. सेन्सेई तेव्हा व्याख्यानांच्या दौऱ्यावर होते. शेवटची मुद्रितं पाहायला त्यांना फुरसत नव्हती.

मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी एका मोठ्या पुस्तकाच्या दुकानात आठव्या मजल्यावर प्रकाशन समारंभ झाला. दीडशे खुर्च्या भरल्या होत्या. मागे भिंतभर फलक होता: 'सौरवाऱ्यावर स्वार व्हा.' फलक जाहिरात विभागानं केलेला, तो मुद्रितं तपासायला येत नाही. ताझुकोबाई शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. समारंभानंतर त्यांना निरोपाचा पुष्पगुच्छ मिळायचा होता, आणि तो मोरोझुमींच्या खुर्चीखाली बादलीत ठेवलेला त्यांना दिसत होता.

सेन्सेईंनी चष्मा लावला आणि आपल्या आवडत्या पानावरून वाचायला सुरुवात केली. "सूर्याकडून सुटलेला..."

ते थांबले. पान डोळ्यांजवळ नेलं. दूर धरलं. ताझुकोबाईंनी दोन्ही हात मांडीवर घट्ट आवळले. आता पुस्तक परत मागवतील, पाचवी आवृत्ती लगद्यात जाईल, आणि वारा पुन्हा सुटेल.

"...प्रकाश," सेन्सेईंनी वाचलं, "शिडावर आदळून परततो आणि यान पुढे सरकतं." आणि पुस्तक मिटून ते हसले. वर्षानुवर्षं टाळ्या घेतलेला माणूस तो, पाय घसरला तरी नमस्कार केल्यासारखा पडणारा. "इथे लोक हमखास फसतात. शीड म्हटलं की वारा, असं भाबड्या माणसाला वाटतं. अहो, वारा कसला, ही उजेडाची किमया. खेदानं सांगतो, माझ्या आधीच्या आवृत्त्यांत हा दोष राहून गेला होता. लेखक लिहीत जातो, पण ज्यांचं कामच डोळे उघडे ठेवणं आहे, त्यांच्या नजरेतून अशा गोष्टी सुटतात. या वेळी मी स्वतः जातीनं लक्ष घातलं."

फलकाखाली उभं राहून ते हे बोलले. श्रोत्यांनी माना डोलावल्या. एवढा मोठा माणूस, आणि स्वतःच्या पुस्तकातली चूक स्वतः काढतो.

मोरोझुमी वळून मागे पाहू लागले. तिकडे चूक निघाली की कुणीतरी उभं राहून माफी मागायची असते. चूक कुणाची हा पुढचा प्रश्न, आणि तो सहसा पुढेच राहतो. त्यांनी हळूच बोट हलवलं. "निशिवाकीसान. दोन शब्द."

ओगिता अर्धवट उठला. "पण साहेब, त्यांनी तर—"

"बसा, ओगितासान," ताझुकोबाई म्हणाल्या.

त्या पुढे गेल्या. सगळं सांगून टाकता आलं असतं. सेन्सेईंच्या लाल फुल्या आणि शेरे असलेली पाचही मुद्रितं कार्यालयाच्या तळघरात होती. पण सांगितलं असतं तर सेन्सेईंनी ते वाक्य हट्टानं परत वाऱ्याला देऊन टाकलं असतं, आणि तोत्तोरीची ती मुलगी पुन्हा चूक ठरली असती. ती आता छापील बरोबर होती. बाईंना रागही येत होता आणि रडूही येत होतं, आणि दोन्हीला तिथे जागा नव्हती.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "बारा वर्षं मी पेन्सिलीनं विचारत राहिले."

सेन्सेई उदारपणे हात हलवून 'असूच द्या' म्हणाले. मग ताझुकोबाई कमरेत वाकल्या, खोल आणि बराच वेळ, पण सेन्सेईंकडे पाठ करून, समोर पुस्तकं मांडीवर घेऊन बसलेल्या वाचकांच्या दिशेनं.