रॅकमागून उत्तर आलं नाही

आमच्या घरात भुताच्या गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. गणपतीत भाचरं जमली की कळंबच्या किनाऱ्यावरची बाई, चिंचोटीच्या धबधब्यामागचा म्हातारा वगैरे मंडळी मी उभी करतो. सगळी मीच बनवलेली. आमटीत काय घातलंय हे आचाऱ्याला माहीत असतं, त्यामुळे अशा प्रकारांवर माझा विश्वास बसणं शक्यच नव्हतं. म्हणून हे लिहिताना जरा लाजच वाटतेय... यात मी पदरचं काहीच घातलेलं नाही.

मी नालासोपाऱ्याला राहतो आणि वसई पूर्वेच्या एका कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवतो. आमच्या गोडाऊनमध्ये शेवटच्या रॅकपाशी एक आंधळं वळण आहे. तिथे हॉर्न द्यायचा नियम आहे, पण गाडीचा हॉर्न कधीचाच बसलेला होता. म्हणून मी "आलो रे!" अशी आरोळी ठोकायचो. पलीकडे कोणी असेल तर तो "थांब" म्हणायचा. बहुतेक वेळा आमचा सुतार सायमन. तो वसई गावाकडचा, माल रचायच्या फळ्यांची मोडकी पॅलेटं तिथे बसून ठोकतो, आणि जेवणाच्या सुट्टीत घरच्या वाडीतली केळी मला खिलवतो. उत्तर आलं नाही म्हणजे रस्ता मोकळा. वर्षानुवर्षं हेच चाललेलं.

मग कंपनीने सेफ्टी ट्रेनिंगसाठी ते व्हीआर आणलं. डोळ्यांवर डबा बांधायचा की आपण खोट्या गोडाऊनमध्ये. शिकवायला सायली नावाची मुलगी आली होती, माझ्या पुतणीएवढी. तिने सांगितलं, माल उंच असेल आणि समोरचं दिसत नसेल तर गाडी रिव्हर्समध्ये चालवायची. मी म्हटलं, माझी मान अवघडते. सगळे हसले.

माझी पाळी आली. मीटिंग रूममध्ये खुर्ची, टेबलाला स्टीअरिंग, डोळ्यांवर डबा, आणि आतलं बाकीच्यांना दिसावं म्हणून भिंतीवर टीव्ही. आत आमच्या बापजन्मात नसेल इतकं स्वच्छ गोडाऊन. वळण आलं आणि सवयीने मी आरोळी दिली — "आलो रे!"

"काका, इथे कोणी नाहीये," सायली म्हणाली. पुन्हा हशा.

आणि मग हशा थांबला... म्हणजे ते हसत असतीलही, मला ऐकू येईना. मी सीटवर नव्हतोच. रॅक आणि भिंतीच्या मधे जमिनीवर उकिडवा बसलो होतो. आमचीच भिंत, पोपडे आलेली. समोर लाकडी पॅलेट, त्याच्या फटीत उजवा बूट रुतलेला. ओढला, निघेना. समोरून एक फोर्कलिफ्ट येत होती. माल इतका उंच की चालवणारा दिसत नव्हता. बाजूने फक्त त्याचं कोपर दिसत होतं आणि बाहीवर निळं ठिगळ. ते ठिगळ माझ्या बायकोने लावलेलं आहे.

"आलो रे!" आवाजही माझाच.

मला "थांब" म्हणायचं होतं, पण तोंड उघडेना. ओठांत काहीतरी कडक, टोकदार होतं. जिभेवर लोखंडाची चव. डबा काढला की सुटलो, एवढं मला कळत होतं. मी हात वर नेले... चेहऱ्यावर डबा नव्हता. नुसता घामेजलेला माझा चेहरा.

शेवटी सायलीने तो डबा काढला. टीव्हीवर सगळ्यांना फक्त वळणाशी उभी राहिलेली गाडी दिसत होती. "काका, किती हाका मारल्या," ती म्हणाली. "तुम्ही ओठ घट्ट मिटून बसला होतात." मी बीपीवर ढकलून मोकळा झालो.

दुपारी डिस्पॅचची घाई. माल उंच रचलेला, रिव्हर्सचं शहाणपण सकाळीच संपलेलं. वळणाशी आरोळी दिली. उत्तर नाही. म्हणजे मोकळं. पेडलवर पाय टेकवणार, तोच जिभेवर तीच लोखंडाची चव. मी गाडी बंद केली, उतरलो आणि रॅकमागे डोकावलो.

सायमन उकिडवा बसला होता. बूट पॅलेटच्या फटीत रुतलेला, ओठांत चार-पाच खिळे. सुतार धरतात तसे. डोळे माझ्या गाडीवर. खिळे थुंकायचंसुद्धा त्याला सुचलं नव्हतं. एकेक काढून त्याने तळहातावर ठेवला.

"तू थांबला कसा?"

"तू बोलला नाहीस म्हणून."

"मी नाय बोललो की तू येतोस, प्रकाश."

मी वाकून त्याचा बूट फटीतून ओढून काढला. सायली म्हणते, त्या धड्यात फक्त ड्रायव्हरची सीट आहे, जमिनीवर बसायची सोयच नाही. डॉक्टरांनी जीभ बघून ॲसिडिटीची गोळी दिली. बायको म्हणाली, तुम्ही चारचौघांत तोंड मिटून बसलात, यापेक्षा मोठा चमत्कार कुठला? सायमनने चर्चमध्ये मेणबत्ती लावली आणि तो खिळे आता डब्यात ठेवतो. हॉर्न दुरुस्त झालाय. मी रिव्हर्समध्ये चालवतो आणि घरी येऊन मान शेकतो.

भाचरं नवी गोष्ट मागतात. ही मात्र मला सांगता येत नाही. दोनदा सुरुवात केली, वळणापर्यंत आलो आणि तोंड उघडेना... म्हणून लिहून काढली.